बातमीची रचना आणि तिचें प्रामाण्य

वर्तमानपत्रांचा इतिहासाचें साधन म्हणून उपयोग करण्याची चाल आपल्याकडे आतां सार्वत्रिक झाली आहे. गेल्या दीडशें वर्षांतील कोणत्याहि विषयावरचा प्रबंध उघडला तरी त्याच्या तळटीपांत वर्तमानपत्रांचे आधार पदोपदीं भेटतात. यांत गैर कांहींच नाहीं. उलट सरकारी दप्तरांत जें सांपडत नाहीं तें पुष्कळदां जुन्या फायलींतच सांपडतें. परंतु हे आधार ज्या रीतीनें घेतले जातात तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें. तळटीपेंत पत्राचें नांव व तारीख येते आणि मजकुरांत त्या बातमीचें पहिलें वाक्य येतें. बातमी कोणी दिली, ती कोणत्या गांवाहून आली, कोणत्या पानावर व किती जागेंत छापली होती, तिच्या शेवटच्या परिच्छेदांत काय होतें, यांपैकीं कशाचीहि नोंद बहुधा नसते.

कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून अस्सल कागद आणि बखर यांमधील भेद आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणीं पडला आहे. पत्र हातीं आलें कीं, तें कोणी लिहिलें, कोणास लिहिलें, लिहिणारा त्या ठिकाणीं होता कीं ऐकून लिहीत होता, कागद अस्सल कीं नक्कल, हे प्रश्न आपण न सांगतां विचारतों. तोच अभ्यासक छापील पानापुढें बसला म्हणजे हे सगळे प्रश्न विसरतो. छापलेल्या अक्षराचा असा कांहीं दरारा आहे कीं, मोडींतल्या चिठोऱ्यास जी उलटतपासणी द्यावी लागते ती वर्तमानपत्राच्या स्तंभास द्यावी लागत नाहीं.

माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, बातमी हें रचलेलें वाङ्मय आहे. तिच्या रचनेचे नियम आहेत, ते काळाप्रमाणें बदलले आहेत, आणि पुरावा म्हणून तिचें मोल काय हें त्या रचनेवरूनच ठरतें. रचना न ओळखणाऱ्या वाचकाच्या हातीं घडलेली गोष्ट येत नाहीं. त्या गोष्टींत महत्त्वाचें काय, याविषयींचा कोणा एका संपादकाचा निर्णय येतो, आणि त्यालाच तो घटना समजून बसतो.

छापखान्यापूर्वींची बातमी कशी असे तें प्रथम पाहूं. मराठी पत्रांत मायन्यानंतर येणारें वर्तमान हें बहुधा ज्या क्रमानें लेखकाच्या कानीं आलें त्याच क्रमानें लिहिलेलें असतें. सकाळीं एक जासूद आला, त्यानें एक सांगितलें. तिसऱ्या प्रहरीं दुसरा आला, त्यानें त्याच्या उलट सांगितलें. लेखक दोन्ही लिहितो आणि मागाहून कळेल तें लिहून पाठवितों म्हणून पत्र पुरें करितो. लढाईचा निकाल पत्राच्या मध्यावर कोठेंतरी येतो, कधीं येतच नाहीं. मोगल दरबारांतून राजपूत राजांचे वकील जे अखबार पाठवीत, आणि ज्यांचा जयपूर दरबाराकडील मोठा संग्रह आतां बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारांत आहे, त्यांत तर दिवसवार नोंदीच आहेत: बादशहाची स्वारी बाहेर आली, अमक्यानें नजर केली, अमक्यास खिलत मिळाली, अमुक सुभ्याची अर्जी वाचली गेली. काय लिहावें व काय गाळावें ही निवड लेखकाची असेल, परंतु क्रम कालाचा आहे. त्यांतलें महत्त्वाचें कोणतें तें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें.

ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहिण्याची शिस्तहि त्या लेखनांत होती. आवई, हूल, बोलवा हे शब्द आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत वारंवार येतात, ते उगीच नव्हेत. पुराव्याच्या त्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. याला अपवाद सांपडतो तो सावकारी चिठ्ठीचा. १७६१ च्या जानेवारींत पानिपतचा घात झाल्यावर नानासाहेब पेशव्यांस वाटेंत एका सावकारी पत्रावरून तो कळला, आणि त्यांत मोत्यें गळालीं, मोहरा हरवल्या अशा सांकेतिक शब्दांत केवळ हानीचा हिशेब होता, असें सांगतात. सावकाराला लढाईची हकीकत नको असते; त्याला बाकी किती राहिली तेवढें कळावयास हवें असतें. आजच्या बातमीचें कूळ शोधूं गेल्यास तें बखरीपेक्षां या चिठ्ठीकडे अधिक जातें, असें मला वाटतें.

६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत 'दर्पण' काढलें. मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ त्यांत शेजारीं शेजारीं असत. पुढें १८४१ सालीं भाऊ महाजनांचें 'प्रभाकर' आणि १८४९ सालीं पुण्यास 'ज्ञानप्रकाश' निघालें. त्या पिढीच्या पत्रांतील वर्तमान रचनेनें म्हणजे छापलेलें पत्रच होय. अमक्या गांवाहून आलेल्या पत्रावरून कळतें, अशी सुरुवात; मग हकीकत; मग पत्रकर्त्याचा अभिप्राय आणि पुष्कळदां थोडा उपदेश. आजच्या वाचकाला हा उपदेश कंटाळवाणा वाटेल. परंतु पत्रकर्ता 'आम्हांस असें वाटतें' म्हणून स्वच्छ सांगत असल्यामुळें हकीकत कोठें संपली आणि अभिप्राय कोठें सुरू झाला हें ओळखण्यास अडचण पडत नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें ही मोठीच सोय होती.

ही रचना पालटली कशी, याविषयीं एक कथा सर्वत्र सांगितली जाते. तारायंत्र आलें, तारेच्या शब्दाशब्दाला पैसे पडत, शिवाय मध्येंच तार तुटण्याची धास्ती, म्हणून बातमीदार निकाल आधीं आणि तपशील मागाहून पाठवूं लागले. आपल्याकडे १८५५ सालीं तारायंत्र सर्व लोकांस खुलें झालें आणि १८६६ सालीं रॉयटर यांच्या संस्थेनें मुंबईंत कचेरी उघडली, तेव्हां कथा आपल्यासहि जुळते. परंतु जुळणारी कथा खरी असतेच असें नाहीं. जर्मन अभ्यासक होर्स्ट पॉटकर यांनीं न्यूयॉर्कच्या पत्रांच्या जुन्या फायली तपासून २००३ सालीं असें दाखविलें कीं, ही रचना तेथें रुळली ती १८८० नंतरच्या दशकांत, म्हणजे तारायंत्र जुनें होऊन गेल्यावर. आणि तिचें कारण तारेपेक्षां वाचकाला मजकूर चटकन समजावा ही गरज होय. डेव्हिड मिंडिच या अमेरिकन लेखकानें १९९८ सालीं दुसराच धागा धरला. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हां युद्धमंत्री स्टँटन यांनीं न्यूयॉर्कच्या सेनाधिकाऱ्याकडे ज्या तारा केल्या त्या दुसऱ्या दिवशीं पत्रांत जशाच्या तशा छापल्या गेल्या. त्यांत हळहळ नाहीं, कालक्रमानें सांगण्याचा प्रयत्न नाहीं. काय झालें, कोठें, केव्हां, प्रकृति कशी आहे, एवढेंच आहे. मिंडिच म्हणतात कीं उलट्या मनोऱ्याची ही रचना येथें प्रथम ठसठशीत दिसते, आणि ती बातमीदाराच्या लेखणींतून उतरली नसून राज्यकर्त्याच्या खलित्यांतून उतरली आहे.

दोघांचीं मतें पुरतीं एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि एका रात्रींतल्या तारांवरून एका वाङ्मयप्रकाराचा जन्म ठरविणें मला स्वतःला घाईचें वाटतें. तरी मिंडिच यांच्या म्हणण्यांतील एक गोष्ट सोडून देण्यासारखी नाहीं. निकाल आधीं सांगणें ही अधिकाऱ्याची रीति आहे. साक्षीदार 'मी अमुक ठिकाणीं उभा होतों' येथून सुरुवात करितो. अधिकारी 'अमुक झालें' येथून. बातमीनें दुसरी रीति उचलली तेव्हां तिनें साक्षीदाराची जागा सोडली आणि अधिकाऱ्याची घेतली.

पत्रकारितेच्या पाठ्यपुस्तकांत या रचनेला 'उलटा पिरॅमिड' म्हणतात. रुंद बाजू वर, टोंक खालीं. बातमीचें सार पहिल्या परिच्छेदांत, ज्याला कचेरींत 'इंट्रो' म्हणतात; पुढें उतरत्या महत्त्वानें तपशील. जागा कमी पडली कीं उपसंपादक खालून कापीत येतो, आणि कोठेंहि कापलें तरी बातमी पुरी दिसते. धंद्याच्या दृष्टीनें ही रचना निर्दोष आहे. बाजारभाव किंवा परीक्षेचा निकाल पाहणाऱ्या माणसाला तीहून चांगली रचना नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. प्रश्न आहे तो पन्नास वर्षांनीं तीच बातमी वाचणाऱ्याचा.

ग्रंथाचें तात्पर्य कशावरून ठरवावें यासाठीं आपल्या शास्त्रकारांनीं सहा लिंगें सांगितलीं आहेत: उपक्रम व उपसंहार मिळून एक, मग अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. मीमांसा व वेदांत शिकणाऱ्यांस तीं पाठ असतात. हींच लिंगें बातमीला लावून पाहावीं. अभ्यास म्हणजे पुनरुक्ति. ती मथळा, उपमथळा व इंट्रो यांत तीनदां होते. अपूर्वता म्हणजे नवेपणा; तो नसेल तर बातमीच नाहीं. अर्थवाद म्हणजे स्तुतिनिंदा. तो आज विशेषणांत दडलेला असतो. फल म्हणजे निकाल, आणि तो उपक्रमांतच येऊन बसला आहे. उपपत्ति म्हणजे कारण. ती सर्वांत खालीं गेली आहे. आणि उपसंहार? तो नाहींच, कारण जें कधींहि कापलें जाईल त्यावर शेवट रचतां येत नाहीं.

एक नमुना घेऊं. तो मीच रचला आहे, परंतु पावसाळ्यांत अशी बातमी वाचली नाहीं असा वाचक मिळणार नाहीं. 'मुसळधार पावसानें कालव्याचा भराव फुटून काल पहांटे तीन गांवांतील शेतांत पाणी शिरलें. मोठ्या प्रमाणांत पिकाचें नुकसान झाल्याचा अंदाज आहे. पंचनाम्याचे आदेश देण्यांत आले आहेत, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. एक पूल वाहून गेला असून वाहतूक दुसऱ्या रस्त्यानें वळविण्यांत आली आहे. तीन दिवसांपासून या भागांत पाऊस सुरू आहे. भरावास भेग पडल्याचें ग्रामपंचायतीनें गेल्या वर्षींच लेखी कळविलें होतें, असें एका शेतकऱ्यानें सांगितलें.'

यांत एकहि वाक्य खोटें नाहीं. परंतु 'पावसानें' ही पहिल्याच पदांतली तृतीया पाहा. ती हेतूची तृतीया आहे. म्हणजे भराव कां फुटला याचा निकाल बातमी सुरू होतांच लागून गेला आहे. शेवटचें वाक्य त्या निकालाविरुद्ध उभें आहे. तें भेगेविषयीं व न घेतलेल्या दखलेविषयीं बोलतें. जागा असेल त्या दिवशीं वाचकाला दोन्ही वाक्यें मिळतील. जाहिरात वाढली तर शेवटचें जाईल. आणखी वाढली तर पहिलीं दोनच राहतील. तिन्ही वेळां पत्रानें 'बातमी दिली' असेंच म्हटलें जाईल. आणि पाटबंधाऱ्यांचा इतिहास लिहिणारा कोणी पुढें टीप देईल कीं, अमुक सालीं अतिवृष्टीनें कालवा फुटला.

उपक्रम व उपसंहार यांत विरोध आल्यास बलवान् कोणता, हा वाद आपल्याकडे चांगलाच रंगला होता. सोळाव्या शतकांत अप्पय्य दीक्षितांनीं 'उपक्रमपराक्रम' लिहून उपक्रमाची बाजू घेतली आणि माध्व संप्रदायाच्या विजयींद्रतीर्थांनीं 'उपसंहारविजय' लिहून तिला उत्तर दिलें. उपक्रमवाद्यांचें मुख्य प्रमाण असें कीं, पहिलें वाक्य मनांत उतरतें तेव्हां त्याला विरोध करणारें दुसरें कांहीं अजून उत्पन्नच झालेलें नसतें. म्हणून तें बिनविरोध ठाण मांडतें व मागाहून येणाऱ्यास त्याच्याशीं जुळवून घ्यावें लागतें. वेदवाक्याला हा न्याय लागू करावा कीं नाहीं तें पंडितांनीं पाहावें. वर्तमानपत्राच्या वाचकाला तो तंतोतंत लागू पडतो. वर्तमानपत्रें सगळीं दीक्षितांच्या पक्षाचीं आहेत. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र विजयींद्रांचें म्हणणें ऐकल्याशिवाय उठूं नये.

रचनेचा दुसरा भाग व्याकरणाचा. वरच्या नमुन्यांत 'आदेश देण्यांत आले', 'वाहतूक वळविण्यांत आली' असे दोन प्रयोग आहेत. आपल्या शालेय व्याकरणांत याला 'नवीन कर्मणि' म्हणतात, आणि तो इंग्रजीच्या वळणानें मराठींत आला असें सांगतात. वर्गांत हा प्रयोग शिकवितांना उदाहरणासाठीं मला कधीं लांब जावें लागलें नाहीं. सकाळचें वर्तमानपत्र पुरे होई. संस्कृत शिकलेल्यास कर्मणीचें भय नसतें, कारण पाणिनीच्या शास्त्रांत क्रियापदानें कर्ता उक्त केला नाहीं तर तो तृतीयेंत येतो, आणि नेहमीच्या संस्कृत वाक्यांत तो बहुधा तेथें उभा असतो. मराठीच्या जुन्या कर्मणींतहि तो असतो: 'पोलिसांनीं लाठ्या चालविल्या'. 'लाठीमार करण्यांत आला' या वाक्यांत मात्र कर्त्याची जागाच वाक्यानें मिटवून टाकली आहे. 'पोलिसांकडून' हें पद घालतां येतें, पण घातलें नाहीं म्हणून वाक्य अपुरें वाटत नाहीं. हाच खरा धोका. जुन्या प्रयोगांत कर्ता गाळला तर वाचक 'कोणीं?' म्हणून विचारील. नव्या प्रयोगांत तो विचारीत नाहीं.

'समजतें', 'बोललें जातें', 'कळतें' या क्रियापदांचीहि तीच गत. जुन्या पत्रकर्त्याचें 'कळतें' हें 'अमक्या पत्रावरून' या पदाशीं बांधलेलें असे. आजचें मोकळें सुटलेलें आहे. अलीकडे 'सूत्रांनीं सांगितलें' असें लिहितात. सूत्राचें आपल्या शास्त्रांतील पहिलें लक्षण अल्पाक्षरत्व व दुसरें असंदिग्धत्व. वर्तमानपत्रांच्या सूत्रांत दुसऱ्याचा शोध घेणें व्यर्थ आहे.

आतां या सर्वांचा कस ज्यावर लागतो असें एक प्रकरण घेतों. १५ जून १८९७ चा, मंगळवारचा 'केसरी'. पुण्यांत प्लेगचा कहर आणि प्लेगकमिटीचा जाच नुकताच होऊन गेला होता. १२ जूनपासून शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला होता, आणि त्याचें सविस्तर वृत्त त्या अंकांत आलें. त्याच अंकांत 'शिवाजीचे उद्गार' ही कविता टोपणसहीनें छापली होती. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच गेला व रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. २७ जुलै रोजीं टिळकांस पकडण्यांत आलें (हा प्रयोग मींहि सहज केला, कर्ता मुंबई सरकार), आणि १४ सप्टेंबर रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत न्या. स्ट्रेची यांच्यापुढें ज्यूरीनें सहा विरुद्ध तीन मतांनीं त्यांस राजद्रोहाबद्दल दोषी ठरविलें. अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. खुनाशीं संबंध असल्याचा आरोप खटल्यांत नव्हता. तरी तो अंक व तो खून यांमधले सात दिवस वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढून हलणारे नव्हते.

या खटल्याची कायद्याची बाजू पुष्कळांनीं लिहिली आहे. 'डिसअफेक्शन' म्हणजे ममतेचा अभाव, हा स्ट्रेची साहेबांचा अर्थहि प्रसिद्ध आहे. येथें प्रश्न आहे तो आरोपाला आधार झालेल्या मजकुराच्या जातीचा. त्यांतील एक भाग अग्रलेख नव्हता, वृत्त होतें. प्रो. चिंतामण गंगाधर भानू यांनीं अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिलें, त्यावर इतर बोलले, आणि अध्यक्ष या नात्यानें टिळकांनीं भाषण केलें. त्या सर्वांचा सारांश पत्रानें दिला. म्हणजे तेथें टिळक दोन नात्यांनीं उभे आहेत: सभेंत बोलणारे टिळक, आणि तें बोलणें छापणाऱ्या पत्राचे संपादक टिळक. दोहोंच्या मध्यें नांव नसलेला एक बातमीदार आहे. पुढें त्या सारांशाचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि मराठी न जाणणाऱ्या ज्यूरीतील बहुसंख्य गृहस्थांपुढें तें गेलें.

आतां त्या वृत्ताची रचना पाहा. ती सभेची रचना आहे. आधीं प्रश्न येतो: शिवाजी महाराजांनीं खानास मारलें तें पाप होतें कीं नव्हतें? वक्ते आपापल्या परीनें त्याचा विचार करितात. मग अध्यक्ष गीतेचा आधार घेतात, निष्काम कर्माची गोष्ट काढतात, घरांत शिरलेल्या चोरांचा दृष्टांत देतात, आणि सामान्य माणसाच्या मापानें थोरांचें कृत्य मोजूं नका असें म्हणतात. हें सगळें उत्तर आहे, आणि त्याचा प्रश्न त्याच्या आधीं छापलेला आहे. हीच हकीकत आजच्या एखाद्या उपसंपादकाच्या हातीं गेली असती तर 'अफझलखानाचा वध योग्यच: टिळक' असा मथळा पडला असता, चोरांचा दृष्टांत इंट्रोंत आला असता, आणि भानूंचा प्रश्न तिसऱ्या परिच्छेदांत गेला असता, कदाचित् कापलाहि गेला असता. शब्द तेच, परंतु वादांतील उत्तर आणि जाहीरनामा यांत जो फरक आहे तो दोन रचनांत पडला असता. फिर्यादी पक्षानें उतारे निवडून पुढें ठेवले तेव्हां हेंच घडलें. जुन्या रचनेचें वृत्त नव्या रचनेनें वाचलें गेलें.

येथवर आल्यावर टिळकभक्त वाचक म्हणतील कीं, तें तर निव्वळ वृत्त होतें, त्यांत राजद्रोह कसला? हें म्हणणेंहि मला पटत नाहीं. वरचीं सहा लिंगें लावावयाचीं तर सगळीं लावलीं पाहिजेत. एकाच अंकांत एकच विषय एकदां वृत्ताच्या व एकदां कवितेच्या रूपानें येतो. हा अभ्यास आहे, आणि अभ्यास तात्पर्य सांगतो. प्लेगच्या त्या उन्हाळ्यांत शिवाजीच्या तोंडीं देशाच्या दुर्दशेवर उद्गार घालणारा व छापणारा केवळ सतराव्या शतकाविषयीं बोलत होता असें समजणें म्हणजे टिळकांच्या बुद्धीचा अपमान करणें होय. पत्राला राजकीय तात्पर्य होतें यांत मला संशय नाहीं. परंतु तें तात्पर्य संपूर्ण अंकाच्या रचनेवरून निघतें. सभावृत्तांतील एखादें वाक्य सुटें करून नव्हे. स्ट्रेची यांच्यापुढील ज्यूरीस काय करावयाचें होतें तें तिनें केलें. आपण ज्यूरी नाहीं; आपल्याला वाक्य सुटें करण्याची सक्ति कोणीं केलेली नाहीं. असें असतां 'टिळकांनीं केसरींत लिहिलें कीं' असें म्हणून या भाषणांतील वाक्यें आजहि उद्धृत होतात, तेव्हां लिहिणें, बोलणें आणि बोललेलें छापणें या तिन्ही क्रिया एका क्रियापदांत कोंबल्या जातात. १९०८ च्या खटल्यांत ही अडचण नव्हती. तेथें १२ मे व ९ जूनचे अग्रलेख पुढें होते, आणि अग्रलेख हा संपादकाचा आवाज असतो हें दोन्ही पक्षांस मान्य होतें.

मग अभ्यासकानें करावें काय? पहिली गोष्ट, बातमी शेवटून वाचावी. साक्षीदार, तक्रार, जुना पत्रव्यवहार, विरोधी म्हणणें हीं बहुधा तळाशीं सांपडतात. दुसरी, बातमीच्या डोक्यावर गांवाचें नांव व तारीख असते ती टिपून घ्यावी. 'काल' हा शब्द त्या तारखेपासून मोजावयाचा, अंकाच्या तारखेपासून नव्हे. साप्ताहिकाच्या बाबतींत तर हें अधिकच जपावें. २२ जून १८९७ लाहि मंगळवारच होता. त्या तारखेच्या 'केसरी'ंत त्या रात्रींची गोष्ट शोधणें व्यर्थ आहे, आणि ती नाहीं म्हणून पत्र गप्प राहिलें असा निष्कर्ष काढणें त्याहून वाईट. तिसरी, बातमी वृत्तसंस्थेची असल्यास ती तीन-चार पत्रांतून काढून शेजारीं शेजारीं ठेवावी. १९४९ च्या फेब्रुवारींत प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाचें काम सुरू झाल्यापासून एकच मजकूर देशभर अनेक पत्रांत छापला जात आला आहे. कोणत्या पत्रानें कोठें कापलें हें त्यामुळें अगदीं मोजून दाखवितां येतें. पाठभेद पाहून पोथीची मूळ वाचना ठरवितात, तसेंच हें काम आहे. आपल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनें जी पद्धति जगाला दाखविली ती चार पैशांच्या पत्राला लावण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

कात्रणांविषयींहि सांगितलें पाहिजे. घरोघरीं जपलेलीं कात्रणें आतां संस्थांकडे येऊं लागलीं आहेत. कापणाऱ्यानें प्रेमानें कापलेलें असतें, परंतु समास, पानाचा आंकडा आणि शेजारचा मजकूर त्यांत जातो. पुष्कळदां तारीखहि जाते. संगणकावर जुन्या फायली शोधण्याची जी सोय झाली आहे ती शब्द टाकला कीं तेवढी ओळ काढून देते; तीहि एक कात्रीच होय. अशा ओळीवरून टीप लिहिण्यापूर्वीं तें संपूर्ण पान एकदां डोळ्यांखालून घालावें. 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकाबाबत तर त्याच आठवड्यांतील पुण्याच्या व मुंबईच्या इतर पत्रांच्या फायली पुढें मांडून, त्या सभेची कोणी दखल घेतली, कोणत्या क्रमानें घेतली, आणि अध्यक्षांचें भाषण कोणी कोठें ठेवलें, याचा तक्ता करणें अवश्य आहे. फायली जीर्ण होत आहेत, आणि हें काम दोन तरुण अभ्यासकांना एका उन्हाळ्यांत सहज उरकण्यासारखें आहे.